जीवरसायनशास्त्रातून निसर्गोपचाराच्या अध्यापनाकडे

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): माझी मुलगी महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करीत असून निसर्गोपचार आणि आरोग्यशिक्षण यांना जोडणारे अध्यापन व संशोधन करण्याची तिची मनापासून इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

उत्तर १: ताई, निसर्गोपचारतज्ज्ञ म्हणून रुग्ण तपासायचे असतील, तर बी.एन.वाय.एस. (निसर्गोपचार व योगशास्त्र) ही इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची पदवी घ्यावी लागेल, एम.एस्सी. तिची जागा घेऊ शकत नाही. संशोधनच करायचे असेल, तर तिने आपल्याच विषयात पीएच.डी. करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २: सहमत. उदाहरणार्थ, निसर्गोपचारात पोटावर मातीची पट्टी ठेवण्यापूर्वी आणि काढल्यानंतर रक्तदाब मोजणे सोपे आहे. परंतु फरक मातीमुळे पडला, गारव्यामुळे, की तेवढा वेळ निवांत पडून राहिल्यामुळे, हे ठरवायला तुलनेचा गट लागतो, आणि नेमके तेथेच तिचे शिक्षण कामी येईल. पुण्याची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था अवश्य पाहावी.

उत्तर ३: आरोग्यशिक्षणासाठी त्याच विद्यापीठातील अन्न व पोषण विभागात चौकशी करावी. मधुमेही रुग्णाने परस्पर इन्सुलिन बंद करू नये, हे मराठी व गुजराती दोन्हींत समजावून सांगणाऱ्या शिक्षकांची येथे फार गरज आहे.