नेत्यांच्या घरच्यांची टिंगल : मुभा कुठवर, नियम कसा लिहावा?

ओसरी

जाहीर वादविवादांच्या एका मालिकेसाठी वक्त्यांना द्यायची नियमावली लिहायला घेतली आहे. पान-दीड पानाची, वाचून लगेच कळेल अशी. वेळ, आरोपाला पुरावा, एकेरीवर न येणं हे मुद्दे जमले. अडलंय एका ठिकाणी. राजकारण्याच्या नवऱ्या-बायकोवर, मुलांवर, आईवडिलांवर बोलायला मुभा किती द्यायची?

"कुटुंबाचा विषय काढू नये" असं सरसकट लिहिलं तर घराणेशाही, जावयाला मिळालेलं कंत्राट, मुलाच्या नावावरची जमीन हे सगळंच बंद होतं आणि नेत्यांना घरच्यांच्या आड लपायची सोय होते. मोकळं सोडलं तर तिसऱ्या वाक्याला कुणीतरी कुणाच्या मुलीच्या दिसण्यावर घसरतं आणि उरलेला तास त्यातच जातो.

दोन गोष्टी हव्यात. एक, वक्त्याला बोलता बोलता स्वतःच लावून बघता येईल अशी खूण. दुसरी, कायदा यात कुठवर येतो. उपहास बंद करायचा नाही, हे आधीच सांगतो.

---

शाईदौत

नातं हा निकष धरलात की नियम फसतो, कारण नातं कधी मुद्द्याचा गाभा असतं तर कधी नुसतं निमित्त. त्याऐवजी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: याचं उत्तर कुणी द्यायचं?

"मंत्र्यांच्या जावयाच्या कंपनीला एकाच खात्याची तीन कामं मिळाली." याचं उत्तर मंत्र्यांनी द्यायचं. खातं त्यांचं, निर्णय त्यांचा. नातं इथे हितसंबंधाचा पुरावा म्हणून आलंय. हे वाक्य चालेल, झणझणीत असलं तरी चालेल.

"पक्षाध्यक्षांच्या मुलाने प्रचारसभेत अमुक विधान केलं." याचं उत्तर मुलाने स्वतः द्यायचं. तो व्यासपीठावर आला, माईक हातात घेतला. त्या विधानापुरता तो स्वतःच राजकारणी आहे. त्याची खिल्ली उडवा, पण त्या विधानाची.

"त्यांच्या मुलीचा रंग बघा", "बायकोचं इंग्रजी ऐकलंत का", "पोरगा दहावीला दोनदा बसला." याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही, कारण प्रश्नच नाही. इथे थांबवायचं.

आता ही खूण लावताना चुकतं कुठे. २०१५च्या डिसेंबरात अमेरिकी सिनेटर टेड क्रूझ यांनी प्रचाराच्या जाहिरातीत आपल्या दोन लहान मुलींना कॅमेऱ्यासमोर बसवलं. वॉशिंग्टन पोस्टच्या व्यंगचित्रकार अ‍ॅन टेल्नेस यांनी त्यावर चित्र काढलं: क्रूझ हातात पेटी घेऊन वाजवणारे मदारी आणि दोरीला बांधलेली दोन माकडं. टीकेचा रोख योग्य होता, मुलांना प्रचारात वापरणाऱ्या बापावर होता. पण कागदावर माकडं झाल्या त्या मुली. वृत्तपत्राच्या संपादकांनी चित्र मागे घेतलं आणि मुलांना यात न ओढणं हेच आपलं सर्वसाधारण धोरण असल्याचं सांगितलं. तोच मुद्दा वेगळ्या तऱ्हेने मांडता आला असता: क्रूझ दिग्दर्शकाच्या खुर्चीत, हातात संहिता, समोर दोन रिकामी स्टुलं. मुली चौकटीबाहेर राहिल्या असत्या आणि घाव नेमका बापावर बसला असता.

तुमच्या वक्त्यांना हेच सांगा. विनोद तयार झाला की त्यातल्या घरच्या माणसाच्या जागी रिकामी खुर्ची ठेवून बघा. विनोद तरीही उभा राहिला तर तो नेत्यावर होता. कोसळला तर खुर्चीवर बसणाऱ्यावर होता.

अल्पवयीन मुलांसाठी मात्र वेगळी, कडक ओळ लिहा. ब्रिटनमधल्या वृत्तपत्रांच्या आचारसंहितेत सहाव्या कलमात ती तयार मिळते: आईवडिलांची प्रसिद्धी किंवा पद एवढ्याच कारणावरून मुलाच्या खासगी आयुष्याचा तपशील छापायचा नाही. "एवढ्याच" हा शब्द महत्त्वाचा. मंत्र्याने पदाचा वापर करून मुलाला प्रवेश मिळवून दिला असेल तर बातमी प्रवेशाची होते, आणि तिथेही मुलाचे गुण, स्वभाव, फोटो यांची गरज नसते.

---

रोखठोक

शाईदौत यांचा निकष आवडला, पण तो वक्त्याच्या विवेकासाठी ठेवा. शिक्षेचा नियम करताना हात आखडता घ्या. सभ्यतेच्या नावाखाली आधी कुणाचा आवाज बंद होतो? ज्याच्याकडे मृदू भाषा नसते आणि सत्ताही नसते, त्याचा. "घरच्यांवर आलात" ही तक्रार अडचणीचा प्रश्न टाळायलाही तेवढीच सोयीची आहे.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा १९८८चा हसलर विरुद्ध फॉलवेल हा निकाल याच प्रश्नावरचा सर्वांत टोकाचा नमुना. हसलर या मासिकाने धर्मोपदेशक जेरी फॉलवेल आणि त्यांची आई यांच्याबद्दल अत्यंत किळसवाणी खोटी जाहिरात छापली, खाली बारीक अक्षरात हे विडंबन असल्याची टीप. ज्युरीने सांगितलं की हे कुणी खरं मानणार नाही म्हणून बदनामी नाही, पण मनस्तापाची भरपाई द्या. न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी ती भरपाईही रद्द केली. कारण असं दिलं की "भयंकर" किंवा "अतिरेकी" हे माप प्रत्येक ज्युरीच्या आवडीनिवडीवर ठरतं, आणि तसं माप लावलं तर राजकीय व्यंगचित्राची परंपराच धोक्यात येते.

जाहिरात वाईट होती यात वाद नाही. पण "वाईट" आणि "बंदी" यांच्यात अंतर ठेवावंच लागतं. म्हणून माझ्या सूचना: भाषण आधी तपासून घेऊ नका. बंदी शब्दांच्या यादीवर घालू नका, यादी नेहमी अपुरी पडते आणि लोक आडवाटेने तेच बोलतात. सूत्रधाराने वाक्य झाल्यावर थांबवावं, "याचं उत्तर कुणी द्यायचं?" एवढंच विचारावं आणि वक्त्याला तोच मुद्दा पुन्हा मांडायची संधी द्यावी. दुसऱ्यांदा तेच झालं तर उरलेला वेळ गेला. याहून मोठी शिक्षा नको.

आणखी एक: नेता स्वतः कुटुंब मिरवत असेल, "माझे संस्कार बघा, माझं घर बघा" म्हणून मतं मागत असेल, तर तो दावा तपासण्याचा हक्क श्रोत्यांना आहे.

---

शाईदौत

@रोखठोक, शेवटच्या मुद्द्याशी सहमत, एक दुरुस्ती. घर मिरवणारा नेता दाव्याचा मालक असतो. मिरवले गेलेले नसतात. सभेत बायकोला शेजारी उभं केलं म्हणून "या सभेत त्यांचं काम काय" हे विचारता येतं. त्यांच्या साडीवर बोलायची परवानगी त्यातून मिळत नाही.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९८६च्या लिंगेन्स विरुद्ध ऑस्ट्रिया खटल्यात राजकारण्यावर टीकेची मर्यादा सामान्य माणसापेक्षा रुंद का, याचं कारण सांगितलंय: तो अपरिहार्यपणे आणि जाणूनबुजून स्वतःला छाननीसाठी उघडं करतो. घरच्यांच्या बाबतीत हे "जाणूनबुजून" तपासावं लागतं. बायको सरकारी सल्लागार असेल तर आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत नाही.

---

तळटीप

कायद्याचा भाग मी घेतो, भारतापुरता.

राज्यघटनेच्या १९(१)(अ)मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्य, १९(२)मध्ये त्यावरची बंधनं. त्या यादीत बदनामी आणि सभ्यता हे दोन्ही शब्द आहेत. "मन दुखावलं" हे मात्र त्यात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ "त्रासदायक" मजकुरालाही गुन्हा ठरवत होतं. ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. अजूनही कुणी त्याची धमकी देत असेल तर ती पोकळ आहे.

फौजदारी बदनामी मात्र टिकून आहे. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. १ जुलै २०२४पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये आहे: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. दहा अपवाद आहेत. तुमच्या कामाचे दुसरा आणि तिसरा: लोकसेवकाचं सार्वजनिक काम, आणि सार्वजनिक प्रश्नाशी संबंधित कुणाही व्यक्तीचं वर्तन, यावर सद्भावनेने दिलेलं मत. म्हणजे कायद्यातही वर उल्लेखलेला फरक आहेच: वर्तनावर बोला, माणसाच्या घरावर नको.

ज्या ठिकाणी लोक हमखास चुकतात ते दोन.

पहिलं, "ते वारलेत, आता कसली बदनामी?" ही समजूत. कलम ३५६च्या पहिल्या स्पष्टीकरणानुसार मृत व्यक्तीवरचा आरोपही बदनामी ठरू शकतो: ती व्यक्ती जिवंत असती तर तिच्या लौकिकाला बाधा आली असती, आणि आरोपाचा हेतू कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याचा असेल, तर. नेत्याच्या दिवंगत आईवडिलांवर बोलणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

दुसरं, त्याच न्याय संहितेचं कलम ७९. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने उच्चारलेला शब्द, हावभाव, दाखवलेली वस्तू: तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. बदनामीत बाधित व्यक्तीने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते. इथे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात.

निवडणुकीच्या काळात आदर्श आचारसंहिताही लागू असते. तिच्या सुरुवातीच्याच भागात लिहिलंय की दुसऱ्या पक्षांवरची टीका धोरणं, कार्यक्रम, पूर्वीची कामगिरी आणि काम यांपुरती ठेवावी, आणि सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर टीका टाळावी. ओसरी, तुम्हाला हवं ते वाक्य जवळजवळ तयार आहे.

मात्र खासगी म्हणजे काय, हे नेत्यांच्या सोयीने ठरत नाही. उमेदवाराच्या शपथपत्रात, म्हणजे नमुना २६मध्ये, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता व कर्ज लिहावं लागतं. त्यांच्या उत्पन्नाचा स्रोतही द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये सांगितलं. तेव्हा "पत्नीच्या नावावरचे भूखंड गेल्या शपथपत्रात का नव्हते?" हा प्रश्न घरात डोकावणं नाही. वक्त्याने शपथपत्राचं वर्ष आणि रकाना सांगून तो विचारावा.

---

ओसरी

सगळ्यांचे आभार. "उत्तर कुणी द्यायचं" हे नियमावलीत जातंय. आता तीन नमुने, खरे अडचणीचे. सांगा:

१. "साहेब शेतकऱ्यांना मराठी शाळा वाचवायला सांगतात, स्वतःची मुलं परदेशात."
२. "आजोबांनी पेरलं, बापाने कापलं, नातू नुसता गोण्या मोजतोय."
३. "बाई घरात नवऱ्याला सांभाळू शकल्या नाहीत, राज्य काय सांभाळणार?"

---

शाईदौत

पहिलं चालेल. उपदेश आणि कृती यांतली तफावत साहेबांची आहे, उत्तर त्यांनी द्यायचं. अट एवढीच की "मुलं परदेशात शिकतात" इथेच थांबायचं. कोणतं विद्यापीठ, कुणाबरोबर राहतात, सुट्टीचे फोटो, हे आलं की रोख मुलांकडे वळला.

दुसरं उत्तम आहे. नातू निवडणूक लढवत असेल तर तो स्वतः उत्तर देईल. अजून कॉलेजात असेल तर "बाप पोरासाठी गोण्या भरतोय" असं करा.

तिसरं नाही. घटस्फोटाचा कारभाराशी संबंध नाही, आणि हेच वाक्य घटस्फोटित पुरुष नेत्याबद्दल कुणी बोलत नाही. बाईंच्या कारभाराबद्दल मुद्दा असेल तर तो खात्याच्या नावाने मांडावा.

---

माजघर

तिसऱ्या नमुन्यावरून जोडते. आपल्या भाषेत भांडण चढलं की ते आई-बहिणीवरूनच जातं. पुरुष नेत्याला टोचायचं तर त्याच्या घरची बाई हाताशी धरली जाते, आणि स्त्री नेत्याला टोचायचं तर तिचाच नवरा, सासर, कपडे, मूल असणं-नसणं. नियमावलीत "लिंग उलटवून बघा" अशी एक ओळ घाला. वाक्यातल्या बाईच्या जागी पुरुष ठेवला आणि वाक्य विचित्र वाटलं, तर ते काढायचं.

आणि ज्याच्या घरच्यांवर घसरलं गेलं, त्याने काय करायचं, हेही लिहा. ते कुणीच लिहीत नाही. १९७२मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणाऱ्या एडमंड मस्की यांच्या पत्नीवर एका वृत्तपत्राने घाणेरडा मजकूर छापला. मस्की त्या कचेरीसमोर बर्फात उभे राहून चिडून बोलले, ते रडले अशा बातम्या झाल्या आणि त्यांच्या उमेदवारीला लागलेली ओहोटी थांबली नाही. अन्याय त्यांच्यावर झाला आणि हिशेब त्यांच्याच संयमाचा मागितला गेला. याउलट १९४४मध्ये विरोधकांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कुत्र्यावरून, फालावरून, आरोप केला तेव्हा ते म्हणाले की माझ्यावर, माझ्या बायकोवर, मुलांवर टीका झाली ती आम्ही मनावर घेत नाही, पण फालाला मात्र राग येतो. सभा हसली आणि आरोप विरून गेला.

प्रत्येकाला असं सुचत नाही, आणि सुचावं अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. म्हणून ते काम सूत्रधाराचं ठेवा. दुखावलेल्या वक्त्याने स्वतः उत्तर द्यायचं नाही. सूत्रधाराने घड्याळ थांबवायचं, "हे वाक्य चर्चेतून वगळलं आहे" एवढं म्हणायचं, ते वाक्य स्वतःच्या तोंडाने पुन्हा उच्चारायचं नाही, आणि गेलेली सेकंदं त्या वक्त्याला परत द्यायची.