कोजागिरीला २८ जणांचं मसाला दूध: किती घेऊ, कसं आटवू?

मुग्धा_पाचपाखाडी
यंदा कोजागिरी आमच्याकडे. सासरची लहानमोठी धरून २८ माणसं. आजवर ठाण्यातच नौपाड्यात मोठ्या काकूंकडे जमायचो, पण त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत आणि आमच्या इमारतीला गच्ची आहे.

चौघांपुरतं दूध मला छान जमतं. मागच्या वर्षी मात्र काकूंनी सहा लिटरचं पातेलं माझ्यावर सोपवलं आणि ते खाली लागलं. घाबरून मी तळ खरवडला, तर सगळ्या दुधाला करपट वास. कोणी एका शब्दाने बोललं नाही, सगळ्यांनी पेले रिकामे केले. ते अजून माझ्या मनातून जात नाही.

पिशवीचं दूध चालेल का? बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, मधुमेह आहे, त्यांचं काय करू? आणि काकूंच्या दुधाला जो वास यायचा तो माझ्या दुधाला कधीच येत नाही. विचारलं की म्हणतात, "अंदाजाने घालते गं."

चारोळी
दूध पावडर घाला, आटवायची कटकटच नाही. मसाला तयार मिळतो.

जुना_नौपाडेकर
मुग्धाताई, पावडरीने दूध दाट होतं, पण आटवलेल्या दुधाची चव येत नाही. आमच्या सोसायटीचं दूध मी बरीच वर्षं करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

माणशी दीडशे मिली धरा, म्हणजे सव्वाचार लिटर लागेल. सहा लिटर घेऊन पाऊणपट होईतो आटवा. पिशवीचं चालेल, पण फुल क्रीम घ्या. त्यात ६ टक्के स्निग्धांश असतो. गाईच्या दुधात साडेतीनच्या आसपास, त्याला तो दाटपणा येत नाही.

एका पातेल्यात सहा लिटर करूच नका. जाड बुडाची, रुंद तोंडाची दोन पातेली घ्या. आतून पाण्याने विसळा आणि न पुसता दूध ओता. मग उलथनं तळाला टेकवून ढवळत राहा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. तरीही लागलंच तर खरवडायचं नाही. गॅस बंद करून वरचं दूध अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं. करपलेलं तळालाच धरून असतं, खरवडलं की दुधात उतरतं. तुमचं तेवढंच चुकलं.

काकूंचा तो वास बहुतेक जायफळाचा. विकतच्या पुडीचा वास उडालेला असतो. जांभळी नाक्याच्या बाजारातून अख्खं जायफळ आणा आणि गॅस बंद केल्यावर सहाणेवर उगाळून घाला. एवढ्या दुधाला पाव जायफळ पुरे, जास्त झालं तर कडवट लागतं. वीसेक वेलच्या थोड्या साखरेबरोबर कुटा. केशर अर्धा ग्रॅम, कोमट दुधात अर्धा तास भिजवून.

आटवणं दुपारीच उरका. पण ऑक्टोबरच्या उकाड्यात पातेलं ओट्यावर राहिलं तर दूध नासतं. परातीत गार पाणी घेऊन त्यात ठेवा, निवलं की फ्रिजमध्ये. जायफळ-वेलची रात्री गरम केल्यावर.

अर्धी_वाटी
बदाम-पिस्ते मिक्सरमध्ये थोडी साखर घालून, थांबत थांबत फिरवा. सलग फिरवले की तेल सुटून गोळा होतो. चारोळी घालण्याआधी दोन दाणे चावून बघा, खवट असेल तर अख्खं दूध जातं. सासऱ्यांचं दूध साखर घालण्याआधी काढा, आणि तेही अर्धाच पेला, कारण दूध आटलं की त्याची स्वतःची साखरही दाट होते.

मुग्धा_पाचपाखाडी
काका, आत्ताच काकूंना फोन केला. जायफळच! आणि त्याही उगाळूनच घालतात. सहाण स्वतः घेऊन येणार आहेत, म्हणाल्या, "शेवटी मी उगाळीन, तू ढवळ." आमची लेक घरातलं थोरलं अपत्य, म्हणून तिला ओवाळायलाही त्यांनाच बसवते. एक पातेलं आहे, दुसरं जाड बुडाचं शेजारच्या वहिनींकडून आणते.