लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांना पुढे हार्ट-शुगर, अमेरिकेत काळ्यांना जास्त म्हणे. मग आपलं काय?

खानापूर_रोड:
नमस्कार मंडळी. शाळेत असताना मला ब्लड कॅन्सर झाला होता, एएलएल, मुंबईला ट्रीटमेंट झाली, आता औषधं बंद होऊन बरीच वर्षं झाली आणि घरात लग्नाचं बघायलेत. आत्तेभाऊ अमेरिकेत असतो, त्यानं एक बातमी पाठवली की लहानपणी कॅन्सर होऊन वाचलेल्यांमध्ये काळ्या आणि हिस्पॅनिक (मूळचे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतले) लोकांना पुढं डायबेटिस, हार्ट वगैरे गोऱ्यांपेक्षा जास्त होतं. वाचल्यापासून डोक्यात किडा. आपण ह्यात कुठं बसतो? रक्तातच असतं का हे? इथं डॉक्टरना विचारलं तर म्हणाले बरा झालायस की आता, कशाला उकरून काढतोस.

निपाणी_ते_जर्सी:
भावा, ती बातमी बहुतेक सीसीएसएसवरची असणार, म्हणजे चाइल्डहूड कॅन्सर सर्व्हायव्हर स्टडी. मेम्फिसच्या सेंट ज्यूड हॉस्पिटलकडून चालतो, १९९४ पासून. २०१६ मध्ये त्यांनी वंशावरून तुलना छापली होती, १९७० ते १९८६ मध्ये कॅन्सर झालेली आणि निदानानंतर कमीत कमी ५ वर्षं जगलेली मुलं घेऊन. गोरे १२,३९७, काळे ६९४, हिस्पॅनिक ७५०. आकडे बघ, तिथंच कळतं कुणाचा किती अभ्यास झालाय ते. आणि आपण त्या तुलनेत नाहीच! इकडं फॉर्मवर 'एशियन' म्हणून एकच खण असतो, त्यात जपानी पण, चिनी पण आणि आपण निपाणीकर पण 😀

मुख्य गोष्ट अशी की काळ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं, पण शिक्षण, उत्पन्न, इन्शुरन्स हिशोबात धरल्यावर तो फरक राहिलाच नाही. शुगरचा आणि हार्टचा थोडा वेगळा विषय आहे, तिथं बीपी-वजन ह्यांचापण हात असतो, आणि हार्टच्या बाबतीत जीन्सवरही काम चालू आहे. आणि सगळं एकाच बाजूला झुकत नाही, रेडिएशन दिलेल्या जागी कातडीचा कॅन्सर गोऱ्यांना पुष्कळ होतो, काळ्यांत जवळजवळ नाहीच. त्यामुळं सगळं रक्तातच असतं असं डोक्यात घेऊ नको.

शहापूरचा_विणकर:
म्हणजे शेवटी पैसाच की ओ. त्यासाठी अमेरिकेला कशाला जायचं, आमच्या गल्लीत विचारा.

सिस्टर_वडगाव:
पैसा आहेच हो, पण शरीराचंही थोडं आहे, नुसतं हसण्यावारी नेऊ नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन ह्या दोघांचा फोटो २००४ ला लॅन्सेट ह्या डॉक्टरी मासिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३, दिसायला दोघंही सडपातळ, पण अंगातली चरबी युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्या लोकांचं असंच असतं, हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, म्हणून आपल्याकडं बीएमआय २३ च्या वरच जास्त वजन धरतात, गोऱ्यांसारखं २५ नाही. त्यात एएलएलला स्टेरॉइड भरपूर दिलेलं असतं, काहींना डोक्याला रेडिएशन पण. मग 'मी तर बारीक आहे' म्हणून शुगर न बघणं हे आपल्याला परवडणारं नाही.

दुसरं हार्टचं. ते लाल रंगाचं सलाईन आठवतंय का, ज्यानं लघवी पण लाल व्हायची? डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन. त्याचा एकूण डोस महत्त्वाचा. शरीराच्या दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅम किंवा वर गेला असेल तर हाय रिस्क, मग काही त्रास नसला तरी दर दोन वर्षांनी टू-डी इको (हार्टची सोनोग्राफी) करायला सांगतात. एएलएलमध्ये बहुतेक वेळा त्याच्या खाली असतो, पण तुमचा किती ते फाईल बघितल्याशिवाय मी काय, कोणीच सांगू शकणार नाही. डिस्चार्ज कार्ड घेऊन जावा, तोंडी विचारलं की डॉक्टर पण तोंडीच उत्तर देतात. बीपी आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) एवढं तरी करून घ्या.

दूधगंगा_काठ:
फाईल म्हणताय, आमची २०१९ च्या पुरात गेली. पोरीला हॉजकिन, म्हणजे गाठींचा कॅन्सर झाला होता, छातीला शेक (रेडिएशन) दिलाय एवढंच आठवतंय, डोस बिस काही नाही. आता काय करायचं?

सिस्टर_वडगाव:
फाईल नंबर कुठं तरी असेल बघा, जुन्या औषधाच्या पावतीवर, रिपोर्टच्या पाकिटावर, मोबाईलच्या फोटोत. नंबर मिळाला की हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाकडं ट्रीटमेंट समरी मागायची. टाटाला ट्रीटमेंट झाली असेल तर तिथं बरं झालेल्या मुलांसाठी वेगळा एसीटी (ट्रीटमेंट संपल्यानंतरचा) क्लिनिक आहे, १९९१ पासून, आणि उगम म्हणून बऱ्या झालेल्या पोरांचाच ग्रुप आहे, त्यांना विचारा.

आणि दादा, पोरीचं हे मनावर घ्याच. छातीला शेक दिलेल्या मुलींना पुढं स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता बरीच वाढते. वयाच्या २५ पासून किंवा शेक दिल्यावर ८ वर्षांनी, ह्यातलं जे नंतर येईल तिथून दर वर्षी मॅमोग्राफी आणि एमआरआय सांगतात. थायरॉइड पण बघायचा.

शहापूरचा_विणकर:
दर वर्षी एमआरआय! कुठनं आणायचे? सरकारी आरोग्य कार्डावर अॅडमिट झालं तरच चालतंय, बाहेरनं नुसती तपासणी करायची तर खिशातनंच. फुकट उपचाराची फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना दिली म्हणून महाराष्ट्रानं सांगितलं, कर्नाटकानं त्यावर आक्षेप घेतला, आणि त्यात पण भर ऑपरेशन-ट्रीटमेंटवरच. कॅन्सर झाला तर खर्च देणार, परत होऊ नये म्हणून बघायला देणार नाही. निपाणीकर म्हणतोय तो इन्शुरन्सचा फरक हाच बगा.

निपाणी_ते_जर्सी:
अगदी हाच. इथं पण मोठं झाल्यावर आईबापाच्या इन्शुरन्समधून पोरं २६ व्या वर्षी बाहेर पडतात, आणि फॉलोअप सुटायला तेवढं पुरतं.

खानापूर_रोड:
फाईल ट्रंकेत सापडली. डॉनोरुबिसिन लिहिलंय, पुढं आकडे आहेत पण अक्षर डॉक्टरी. सिस्टर, फोटो पर्सनलमध्ये पाठवू का? आणि मुलीकडच्यांना हे सगळं सांगायचं का, ते वेगळ्या धाग्यात विचारतो, इथं घातलं तर शंभर जण सुरू होतील.