डीव्हीडीवरच्या पडद्यावरील टीपा ब्लू-रेवर का नाहीत, आणि त्या परत कशा जोडायच्या?

रीळबदल विचारतात:

एकाच ॲनिमे मालिकेची जुनी डीव्हीडी आणि नंतर दुसऱ्या कंपनीने काढलेली ब्लू-रे, दोन्ही माझ्याकडे आहेत. डीव्हीडीवर संवाद खाली येतात आणि जपानी सण, शाळेतले रिवाज, जुन्या टीव्ही कार्यक्रमांचे संदर्भ यांच्या टीपा वर झळकतात. ब्लू-रेचं चित्र कितीतरी सरस आहे, पण टीप एकही नाही. हे असं का होतं? आणि डीव्हीडीवरच्या टीपा काढून ब्लू-रेच्या चित्रावर दाखवता येतील का? डीव्हीडीवर टीप दिसत असताना खालचा संवाद बदलला की टीपही क्षणभर लुकलुकते, तेवढं टळलं तर उत्तमच.

उपशीर्षक:

आधी "का" ते सांगतो. मालिकेचे हक्क एका कंपनीकडून दुसरीकडे गेले की नव्या कंपनीला जपानी मालकाकडून चित्र आणि आवाजाचे मास्टर, म्हणजे मूळ प्रती, मिळतात. सबटायटल आणि टीपा हे जुन्या कंपनीने स्वतः करून घेतलेलं काम. ते वेगळं विकत घ्यावं लागतं, नाहीतर नव्याने करावं लागतं. संवादांवाचून डिस्क विकता येत नाही, टीपांवाचून येते, म्हणून कात्री टीपांवर चालते. जुनी कंपनीच उरली नसेल तर प्रकरण आणखी अवघड. एडीव्ही फिल्म्सने 'एक्सेल सागा'च्या डीव्हीडीवर 'एडी विड-नोट्स' नावाने अशाच उसळून येणाऱ्या टीपा दिल्या होत्या. ती कंपनी २००९ मध्ये बंद पडली.

टीपा पडद्यावरच हव्यात असंही नाही. १९८८ मध्ये सुरू झालेली ॲनिमएगो आपल्या प्रकाशनांसोबत छापील टिपणं देत असे. लांब संदर्भासाठी मला आजही तीच जागा योग्य वाटते.

लुकलुकण्याचं कारण डीव्हीडीच्या रचनेतच आहे. डिस्कवर ३२ सबटायटल ट्रॅक बसतात, पण एका वेळी एकच दिसतो. म्हणून टीपांचा ट्रॅक म्हणजे संवाद अधिक टीपा असा एकत्र ट्रॅक. त्यातही अक्षरं नसतात, चित्रं असतात. टीप वर तशीच राहून खालचा संवाद बदलायचा तर दोन्हींचं मिळून नवं चित्र पाठवावं लागतं. जुनं जाऊन नवं येताना मधे एखादी फ्रेम रिकामी राहिली की टीप लुकलुकते. शिवाय एका चित्रात चारच रंग, त्यातला एक पारदर्शक. अक्षर, कड आणि कडेचा मऊपणा यांत उरलेले तीन संपतात. टीपेला वेगळा रंग दिला की मऊपणाचा रंग जातो, म्हणून ती अक्षरं करवतीच्या दात्यांसारखी दिसतात.

ब्लू-रेचे सबटायटलही चित्रंच, पण २५६ रंगांची, आणि पडद्यावर एका वेळी दोन स्वतंत्र तुकडे ठेवता येतात. खाली संवाद, वर टीप, हे त्यात सहज बसतं. त्याच वेळी दुकानाच्या पाटीचंही भाषांतर दाखवायचं झालं की तिसरा तुकडा होतो आणि मग दोन तुकडे जोडून एक मोठं चित्र करावं लागतं. म्हणजे तंत्र आड येत नाही, खर्च येतो.

एजिसबकर:

आता टीपा काढण्याचं. डिस्कवरून फाइल काढण्याबाबत देशोदेशी कायदा वेगळा आहे, तो आधी पाहून घ्या.

मेकएमकेव्ही या प्रोग्रामने डीव्हीडीचा एपिसोड एमकेव्हीत (चित्र, आवाज, सबटायटल एकत्र ठेवणारी फाइल) घ्या आणि सगळे सबटायटल ट्रॅक ठेवा. ट्रॅकना नावं नसतात, तेव्हा मिडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक ट्रॅकची एलिमेंट-संख्या, म्हणजे त्यात सबटायटल-चित्रं किती, ते पाहा. सगळ्यात कमी असलेला बहुधा डबसोबत वापरायचा पाट्या-गाण्यांचा ट्रॅक. उरलेल्या दोन मोठ्या ट्रॅकपैकी ज्याची संख्या जास्त तो टीपांचा, कारण टीप आली-गेली की प्रत्येक वेळी नवं चित्र पडतं.

नुसत्या संवादांचा ट्रॅक आणि टीपांचा ट्रॅक, दोन्ही सबटायटल एडिट या प्रोग्राममध्ये ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करून घ्या. टीपेमागे रंगीत चौकट असेल तर ओसीआर चौकटीलाच अक्षर समजतो. तिथे रंग स्वतः निवडायची सोय आहे. फक्त अक्षराचा रंग दिसता ठेवा, बाकीचे पारदर्शक करा. मग दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी लावून संवादाच्या ओळी पुसा. उरतील त्या टीपा.

इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. समजा एक टीप ९ सेकंद होती आणि तेवढ्यात खाली तीन संवाद झाले. ओसीआरनंतर ती टीप तीन वेळा, तीन तुकड्यांत येते. तुकडे तसेच ठेवले तर लुकलुक कायम. पहिल्याची सुरुवात आणि शेवटच्याचा शेवट घेऊन एकच ओळ करा. इंग्रजी तिरप्या अक्षरांत मोठा आय आणि छोटा एल यांची अदलाबदल हमखास होते. जपानी विशेषनामांत ती शब्दतपासणीला सापडत नाही, नावं डोळ्यांनीच वाचा.

वेळ जुळवताना नुसतं पुढे-मागे सरकवून भागत नाही. दोन्ही डिस्कवर सुरुवातीचे लोगो आणि मध्यंतराची छोटी चित्रफीत वेगवेगळ्या लांबीची असू शकते. सबटायटल एडिटच्या पॉइंट सिंकमध्ये पहिला संवाद, मध्यंतरानंतरचा पहिला आणि शेवटचा, असे तीन बिंदू धरा.

रीळबदल:

आभार, एका एपिसोडचा मजकूर सुटा झाला. पण पहिला बिंदू जुळवला की शेवटाकडे टीपा जवळपास मिनिटभर आधी येतात. डीव्हीडी पाल (युरोपातली, सेकंदाला २५ फ्रेमची टीव्ही पद्धत) आहे, त्याचा संबंध असेल का?

उपशीर्षक:

तेच कारण. सेकंदाला २३.९७६ फ्रेमचं चित्र २५ ने पळवलं की २४ मिनिटांचा एपिसोड साधारण ५९ सेकंद आखूड होतो. सबटायटल एडिटमध्ये फ्रेम रेट २५ वरून २३.९७६ करा, मग बिंदू जुळवा. सगळ्या पाल डिस्क मात्र अशा नसतात. पुष्कळ ॲनिमे एनटीएससीवरून (जपान-अमेरिकेतली टीव्ही पद्धत) फ्रेम मिसळून पालमध्ये आणलेले आहेत आणि त्यांची लांबी मूळइतकीच असते. दुसऱ्या डिस्कला हात लावण्याआधी एपिसोडची लांबी ब्लू-रेशी ताडून पाहा.

वरचीओळ:

दाखवण्याचे दोन मार्ग. संगणकावर एमपीव्ही हा प्लेअर असेल तर काही जोडायलाच नको. ब्लू-रेचा संवाद-ट्रॅक मुख्य ठेवा आणि टीपांची मजकूर-फाइल दुय्यम सबटायटल म्हणून लावा, ती आपोआप वर येते. दुय्यम ट्रॅक मजकुराचाच हवा. चित्रांचा असेल तर तो आपल्या मूळ जागी उमटतो आणि संवादावर चढतो. दुय्यम ओळींचं रंगरूपही काढून टाकलं जातं, त्यामुळे एजिसब या सबटायटल-संपादकात केलेली सजावट इथे दिसणार नाही.

टीव्हीवरचे प्लेअर सहसा एकच ट्रॅक दाखवतात. त्यांच्यासाठी ब्लू-रेचे संवादही ओसीआर करून एकाच एएसएस फाइलमध्ये (जागा आणि रंगरूप ठरवता येणारी सबटायटल-फाइल) दोन स्टाइल करा. संवादाला अलाइनमेंट २ (खाली मधोमध), टीपेला ८ (वर मधोमध). स्क्रिप्ट रिझोल्यूशन १९२० बाय १०८० ठेवा, नाहीतर फाइल डीव्हीडीच्या मापाची राहते आणि ब्लू-रेसाठी निवडलेला फॉन्ट अवाढव्य दिसतो. जुनी मालिका ४:३ असेल तर चित्र १४४० रुंद आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या असतात. टीप त्या पट्टीत घालायचा मोह होतो, घालू नका. तिथे दोन-दोन शब्दांवर ओळ मोडते आणि नजर चित्र सोडून कडेला जाते.

एजिसबकर:

टीपांच्या लांबीबद्दल थोडं. इंग्रजी सबटायटलसाठी सेकंदाला १७ अक्षरं हा बराच वापरला जाणारा अंदाज आहे. ७० अक्षरांचा संवाद आणि ६० अक्षरांची टीप एकदम आली तर वाचायलाच साडेसात सेकंद लागतात, आणि संवाद तर तीन-चार सेकंदांत जातो. म्हणून टीप संवादाबरोबर सुरू करू नका. बोलणं थांबल्यावर सुरू करा आणि पुढच्या शॉटवर खुशाल रेंगाळू द्या. संवादाची ओळ कटपाशी संपवण्याचा दंडक टीपेला लावला तर ती कधीच वाचून होत नाही.

शब्दही गाळा. सेत्सुबुनच्या दृश्यात मुलं दाणे फेकताना दिसतातच, भाजलेले सोयाबीन, ओनी (राक्षस), अपशकुन हे सगळं टीपेत नको. "सेत्सुबुन: वसंतारंभाच्या आदल्या दिवशीचा सण" एवढं पुरतं. जुन्या टीपा काढताना मूळ मजकूर मात्र जसाच्या तसा एका ट्रॅकवर ठेवा आणि आखूड केलेला दुसऱ्यावर. त्या टीपांसाठी कुणीतरी संदर्भ शोधत बसलं होतं, ते काम आपल्या काटछाटीत हरवू नये. एमकेव्ही फाइल जोडणाऱ्या एमकेव्हीमर्जमध्ये दोन्ही ट्रॅकना नावं द्या आणि डीफॉल्ट खूण काढून टाका, म्हणजे ज्याला टीपा नकोत त्याच्यापुढे त्या येणार नाहीत.