बीबीए फायनान्स करून नाशकात करायचं काय?

अंबडचा_अकाउंटंट
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल कुणीतरी ज्ञान पाजळलं: बी.कॉम. म्हणजे कारकुनी, पोरांना बीबीए फायनान्सला घाला, विशीत इन्व्हेस्टमेंट बँकर होतील. खाली पालकांचे अंगठेच अंगठे. राहवलं नाही म्हणून हा धागा.

इन्व्हेस्टमेंट बँका नाशकात आहेत कुठे? मुंबई नाक्यावर? मुलाखतीला येणारी मुलं एनपीव्ही, आयआरआर ही गुंतवणुकीची सूत्रं घडाघडा म्हणतात. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, डेबिट नोट टाक म्हटलं की छताकडे बघतात. जीएसटीच्या २बीशी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या यादीशी, खरेदीची बिलं जुळवायला दिली, तर म्हणे सिलॅबसमध्ये नव्हतं. त्यापेक्षा बी.कॉम. करा, सोबत सीए फाउंडेशनला बसा. नाही जमलं तरी पदवी कुठे जात नाही.

कॉलेजरोडचा_बाप
+१. त्यात २०२४ पासून बीबीए एआयसीटीईकडे, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेकडे, गेलं आणि सीईटी आली. जागा इतक्या रिकाम्या राहिल्या की त्याच वर्षी सीईटी दुसऱ्यांदा घेतली. काही कॉलेजांनी तर कोर्सचं नावच बदलून सीईटीची कटकट मिटवली. फी मात्र आहे तीच.

तिसऱ्या_वर्षाची
काका, टॅली चार महिन्यांच्या क्लासात येतं, त्यासाठी पदवी कशाला हवी?

प्रोजेक्टसाठी सातपूरच्या एका जॉबवर्कवाल्यांची वही बघितली. कागदावर नफा, खात्यात पगारापुरतेही पैसे नाहीत. सगळी बिलं मोठ्या कंपनीकडे अडकलेली. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांत द्यायचे असतात. मुदत उलटून वर्षअखेरीला थकलेले असले, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४३बी(एच). त्यांच्या अकाउंटंटने त्यांना हे कधीच सांगितलं नव्हतं. आम्हाला वर्किंग कॅपिटलच्या तासाला सांगितलं.

अंबडचा_अकाउंटंट
४३बी(एच) मला शिकवू नकोस. त्या कलमापायी मार्चमध्ये घरी जेवायला मिळालं नाही. तुझा सातपूरवाला तक्रार करणार आहे का? केली तर पुढची ऑर्डर कोण देणार, तुमचे सर?

पंचवटीकर
तुमचं ४५ दिवसांवर भांडण! आमच्या वडिलांचे निवृत्तीचे पैसे पतसंस्थेत गेले ते गेलेच. अध्यक्ष ओळखीचे, व्याज दीड टक्का जास्त. दाराला कुलूप लागल्यावर कळलं की ठेवींवरचा ५ लाखांचा विमा बँकांना असतो, पतसंस्थांना नाही. घरात धाकटा भाऊ एमबीए फायनान्स! सेन्सेक्सवर तासभर बोलेल, हे एक वाक्य सांगितलं नाही.

पिग्मीवाले_आबा
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी एका पतसंस्थेचा संचालक आहे. भाजीवाल्या बाईला तारणाशिवाय पन्नास हजार कुठली मोठी बँक देते? आमचा पिग्मी एजंट रोज तिच्या गाळ्यावर जातो.

पंचवटीकर
जातो की, पैसे न्यायला. आमच्याही संस्थेत भिंतीवर ऑडिट वर्ग 'अ' टांगलेला होता. कर्जं संचालकांच्या मेव्हण्यांना.

पिग्मीवाले_आबा
पुरावा द्या, नाहीतर शब्द मागे घ्या.

पंचवटीकर
सहकार कायद्याच्या कलम ८३ ची चौकशी झाली, ८८ खाली वसुलीची जबाबदारी ठरवणं चालू आहे. पुढच्या तारखेला सोबत या, चहा माझ्याकडून.

लासलगावकर
फायनान्सवाले, एक सांगा. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली. मालाचा भाव कोसळला. हे कुठल्या फॉर्म्युल्यात बसतं?

कॉलेजरोडचा_बाप
आला कांदा. धागा पूर्ण झाला.

तिसऱ्या_वर्षाची
दादा, धोरणातली जोखीम असा एक परिच्छेद आहे. भाव परत आणायचं त्यात नाही.

पंचवटीकर, तुमचा मुद्दा मान्य करावा लागेल. ठेव विमा आमच्या नोट्समध्ये दोन ओळींत आहे आणि पतसंस्थेला तो नसतो हे मलाही आज इथेच कळलं. पण वर्गातले निम्मे त्या दोन ओळीही न वाचता मोबाईलवर शेअर बाजारातले ऑप्शन खेळतात. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब काढला, एफ अँड ओमधले (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात. तो अहवाल वर्गात वाचला गेला तेव्हाही मागच्या बाकावर निफ्टीच चालू होता. यात कोर्सचा काय दोष?

अंबडचा_अकाउंटंट
बरं बाई, तुला वाचता येतं. बाकीच्यांबद्दल माझं मत तेच आहे. दिवाळीनंतर इंटर्नशिपला ये. पहिला महिना फक्त टॅली आणि २बी, कुरकुर चालणार नाही.

तिसऱ्या_वर्षाची
येते. स्टायपेंड किती आणि किती दिवसांनी?

अंबडचा_अकाउंटंट
मालकांना विचारून सांगतो.

पिग्मीवाले_आबा
ते राहू द्या. मेव्हण्यांचा शब्द मागे घेताय की नाही?