लूप फिरवला तरी निम्म्याच कार्डांचा क्लास निघतोय, का?

नवशिका_कोडर:
जेक्वेरी (जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी) काढून साधी जावास्क्रिप्ट लिहायला घेतलीये आणि पहिल्याच दिवशी डोकं फिरलंय. पेजवर ६ कार्डं, सगळ्यांना 'जुना' क्लास (एचटीएमएलमधलं नावाचं लेबल), तो काढायचा आणि बॅकग्राउंड पिवळं करायचं, बास. गेटएलिमेंट्सबायक्लासनेमने यादी घेतली, फॉर लूप शून्यापासून लेंग्थपर्यंत, आत क्लासलिस्ट रिमूव्ह. तर १, ३, ५ पिवळी आणि २, ४, ६ जैसे थे!! कन्सोलमध्ये एररही नाही. जेक्वेरीत एका ओळीत व्हायचं हो हे.

अर्धविराम:
ती यादी लाइव्ह असते, म्हणजे पेज बदललं की आपोआप बदलते, तिथेच गोची आहे. पहिल्या कार्डाचा क्लास काढला की ते त्याच क्षणी यादीतून बाहेर, मागची सगळी एकेक घर पुढे सरकतात, म्हणजे दुसरं कार्ड आलं शून्यावर आणि तुझा आय (लूपचा मोजणीचा आकडा) गेला १ वर, तिथे आता तिसरं बसलंय. असं तीनदा झालं की लेंग्थ पण ३ नि आय पण ३, लूप खलास. क्वेरीसिलेक्टरऑल वापर, ती यादी घेतली तशीच राहते, फॉरईच (यादीतल्या प्रत्येकावर एकेकदा फिरणारं) पण थेट चालतं. फक्त क्लासच्या नावाआधी टिंब द्यायला विसरू नकोस.

उलटी_गंगा:
शेवटून सुरुवातीकडे लूप फिरवला तरी चालतं. पण सहा महिन्यांनी आपलाच कोड वाचताना 'हे उलटं का लिहिलंय' असं होतं, म्हणून मी सोडलं.

नवशिका_कोडर:
झालं झालं, सहाही पिवळी! टिंब विसरलोच होतो 😅 आता स्टाइलमधून विड्थला (रुंदीला) नुसतं २०० दिलं तर ढिम्म हलत नाही, हे जेक्वेरीत चालायचं की.

अर्धविराम:
कारण जेक्वेरी गुपचूप पीएक्स (पिक्सेलचं एकक) चिकटवायची. इथे '२००पीएक्स' असं अवतरणात स्वतः द्यायचं, नाहीतर ब्राउझर न बोलता टाकून देतो. आणि सीएसएस (पेजचं रूप ठरवणाऱ्या) फाइलमधली विड्थ स्टाइलमधून वाचायला गेलास तर रिकामी स्ट्रिंग येईल, तिथे गेटकॉम्प्युटेडस्टाइल वापर, ते प्रत्यक्ष लागू झालेली किंमत देतं.

उलटी_गंगा:
आणि तो पिवळा रंग स्टाइलमधून नको रे देऊस, 'नवा' क्लास कर आणि रंग सीएसएसमध्ये ठेव. इनलाइन (थेट एलिमेंटवर) बसलेला रंग फाइलमधून बदलायचा तर इम्पॉर्टंट (बाकीच्यांवर मात करणारी खूण) लावत बसावं लागतं, मी एकदा डार्क मोड करताना चाळीसेक ठिकाणी लावलेत, अजून निस्तरतोय.