मदत हवी आहे: नऊ कारंजी, पंप नाही, शेवटची तीन उडतच नाहीत

चारबाग९
मुघल बागेतल्यासारखी एका रांगेत नऊ कारंजी केली आहेत. पंप नको, जुन्या राजवाड्यांसारखं उंचावरच्या टाकीतून नुसत्या उताराने पाणी हवं. टाकी पाच मीटरवर आहे. पहिली दोन कारंजी कमरेइतकी उडतात, मधली गुडघ्याएवढी, शेवटची तीन नुसती बुडबुडतात. पाच मीटरवरून येणारं पाणी पाच मीटर उडायला नको का? शनिवारी लोक बघायला येणार आहेत. लवकर सांगा, आणि कृपया इतिहास नको.

उच्छ्वास
पाइप किती व्यासाचा? लांबी किती? तोटीचं भोक केवढं? पाच मीटर कुठून कुठे मोजलेत? टाकीचा तळ ते जमीन हे माप कामाचं नाही. टाकीतल्या पाण्याची पातळी ते तोटीचं तोंड एवढंच धरायचं.

मोटकरी
ताजमहालात प्रत्येक कारंज्याखाली तांब्याचं भांडं आहे. आधी सगळी भांडी भरतात, मग सगळी कारंजी एकदम उडतात. तुम्हीही प्रत्येक तोटीखाली एकेक भांडं बसवा, प्रश्न मिटला.

गणिती_गवंडी
नाही मिटत. भांड्यामुळे सुरुवातीचे धक्के आणि हवेचे फुसकारे कमी होतील. एकदा प्रवाह स्थिरावला की भांडं म्हणजे पाइपचाच फुगलेला तुकडा. त्यातून दाब जन्माला येत नाही.

मोटकरी
म्हणजे शाहजहानच्या कारागिरांना कळत नव्हतं?

गणिती_गवंडी
त्यांना कळत होतं म्हणूनच त्यांनी यमुनेचं पाणी मोटांनी टप्प्याटप्प्याने चढवून उंच टाक्यांत साठवलं. भांडं हा शेवटचा हात आहे, पाया नव्हे.

चारबाग९
पाइप ४० मिमी, तोट्या ८ मिमी. टाकीपासून पहिल्या कारंज्यापर्यंत ३५ मीटर, पुढे २५ मीटरची रांग. पाच मीटर म्हणजे पाण्याची पातळी ते तोटी, बरोबर मोजलंय. भांडी बसवू की नको?

गणिती_गवंडी
आता बोलता येईल. पाच मीटर उंचीला ८ मिमीच्या तोटीतून सेकंदाला साधारण ०.४५ लिटर पाणी जाईल. नऊ तोट्यांचे झाले ४ लिटर. ४० मिमी पाइपात त्यासाठी वेग सेकंदाला ३ मीटरच्या वर लागतो आणि ६० मीटरमध्ये घर्षणातच पंधरा मीटरच्या आसपास उंची खर्च होते. तुमच्याकडे आहेत पाच. म्हणून प्रवाह आपोआप निम्म्यावर येतो आणि तोटीशी जेमतेम मीटरभर उंचीचा दाब उरतो. रांगेतल्या शेवटच्यांना तोही नाही.
खरा उपाय म्हणजे पाइप १०० मिमीचा टाका. प्रवाह तोच राहिला तर व्यास दुप्पट केल्यावर घर्षण जवळजवळ बत्तीसाव्या हिश्श्यावर येतं. शनिवारपुरतं करायचं तर ४ मिमीच्या तोट्या लावा. पाणी चौथाई, म्हणजे सेकंदाला एक लिटर, आणि घर्षणात जाते मीटरभर उंची. तोटी आतून गुळगुळीत आणि हळूहळू निमुळती हवी, टोपणाला भोक पाडून भागत नाही. ४ मिमीचं भोक एका पानाने तुंबतं, तेव्हा टाकीच्या तोंडाला जाळी बसवा.
पूर्ण पाच मीटर मात्र कधीच मिळणार नाहीत. हवेचा विरोध आहे, शिवाय सरळ वर गेलेलं पाणी परत स्वतःच्याच डोक्यावर पडतं. तोटी किंचित कलती ठेवा.

उच्छ्वास
पाइप मध्ये कुठे चढून उतरतो का?

चारबाग९
हो, एका भिंतीवरून जातो. त्याचा काय संबंध?

उच्छ्वास
तिथे हवा साठते आणि पाइपाचं तोंड अर्धं बुजतं. हे आधी सांगायचं! सगळ्यात उंच जागी टी (तीन तोंडांचा जोड) बसवून उभी नळी काढा. तिचं उघडं तोंड टाकीतल्या पातळीच्या वर हवं. खाली ठेवलंत तर तोट्या बंद केल्याबरोबर कारंजं भिंतीवर उडेल. कात्रजहून पुण्यात आणलेल्या पेशव्यांच्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवा बाहेर सोडणारे उभे मनोरे, बांधले ते उगाच नाही.

पाणकळा
एकाच पाइपावर नऊ तोट्या हेच मुळात चुकलं. राजस्थानात डीगच्या महालात छतावर मोठा हौद आहे. त्याच्या भिंतीत ओळीने भोकं, आणि प्रत्येक भोकातून निघणारी नळी ठरलेल्या कारंज्याकडे जाते. बोळा काढला की ते कारंजं सुरू. तुम्हीही नऊ नळ्या वेगळ्या काढा. लांबच्या कारंज्याची नळी जरा जाड घ्या.

रंगपंचमी
डीगच्या त्या भोकांत रंगाच्या पुरचुंड्या ठेवत, मग रंगीत पाणी उडायचं. तुम्ही कुठला रंग वापरणार? संगमरवरावर डाग पडतात, जपून.

चारबाग९
रंगाचं कोणी विचारलंय?

वाटसरू
एवढा खटाटोप कशाला, अर्ध्या अश्वशक्तीचा पंप टाका. फ्रान्सच्या राजाच्या व्हर्साय महालालाही सेन नदीचं पाणी चढवायला चौदा चाकं आणि दोनशेच्या वर पंप लागले होते.

उच्छ्वास
आणि तरी पाणी पुरेना. राजा जवळ आला की कारंजेवाले शिट्टी वाजवून एकमेकांना सांगत, पुढची उघडा, मागची बंद करा. उलट रशियातल्या पीटरहॉफ महालाला उंचावरून कालव्याने पाणी येतं, पंप नाही. तसंही धागाकर्त्याने पंप नको असं पहिल्याच ओळीत लिहिलंय.

चारबाग९
उभी नळी बसवली. पाचेक मिनिटं फुसफुस करत हवा बाहेर पडली. ४ मिमीच्या तोट्याही लावल्या. नऊच्या नऊ डोक्यावरून उडतात, शेवटचं वीतभर कमी. पण पंधरा मिनिटांत सगळी मावळली.

गणिती_गवंडी
टाकी किती लिटरची?

चारबाग९
हजार.

गणिती_गवंडी
सेकंदाला एक लिटर जातं, म्हणजे हजार सेकंद. तासाला ३,६०० लिटर लागतील. टाकी उभट असेल तर पातळी उतरेल तशी कारंजीही बसत जातील. पसरट घ्या. आणि शनिवारी ती पुन्हा भरणार कशी, ते काही लिहिलं नाहीत.

मोटकरी
बैल आहेत का?